अमेरिकेचा इतिहास वाचायचा आहे, फुकट आणि खात्रीचा. कुठून सुरू करू?

रुईगाठ (मानेवाडा, नागपूर)
12 मे, रात्री 10:52

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबट आहे, सांभाळून घ्या.

मी अमरावती रोडवरच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेब पाहतो. वय 46. बी.कॉम. करून कामाला लागलो, पुढचं शिक्षण राहून गेलं. लेक कॉलेजात गेली तेव्हा तिच्या फॉर्मसोबत मीही माझा भरून टाकला, एम.ए. इतिहास, बाहेरून. त्यात एक पेपर अमेरिकेचा घेतला. लेक म्हणाली, "बाबा, काहून? मराठ्यांचा घ्या ना, तो तं अर्धा पाठच आहे तुम्हाले."

तिला कारण सांगितलं नाही, इथं सांगतो. वीस वर्षं झाली, सीझनमध्ये सकाळी काट्यावर पहिली गाडी लागायच्या आधी शेठ विचारतात, "न्यूयॉर्क काय म्हणते?" मी मोबाइलवर कापसाचा वायदा पाहतो. तिकडचा भाव सेंटमध्ये, पौंडाला. आपल्याकडे रुई खंडीवर. 784 पौंडाची एक खंडी, गुणिले डॉलरचा भाव, की झाला आकडा. झोपेतही करू शकतो. पण न्यूयॉर्कात कापसाचं एक बोंड पिकत नाही, मग भाव तिथं काहून निघतो? शेठला विचारलं तर म्हणाले, "पहिल्यापासून तसंच आहे." पहिल्यापासून म्हणजे कधीपासून, हे मला पाहायचं आहे.

आता अडचण. सगळे वापरतात ते गाइड आणलं. पान 84 वर लिहिलं आहे, लिंकनने 1863 साली जाहीरनामा काढून अमेरिकेतले सर्व गुलाम मुक्त केले. पान 87 वर लिहिलं आहे, 1865 मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली. सगळे जर 63 सालीच सुटले, तर 65 मध्ये सोडवलं कोणाला? आमच्याकडे खतावणी अशी लागली असती तर मला घरी बसवलं असतं.

मग एका क्लासचा ऑनलाइन कोर्स घेतला, 1,499 रुपयांचा. नाव घेत नाही. सर स्लाइडवरचं वाचून दाखवतात, आणि चौथं लेक्चर उघडलं तर तिसरंच. दोन मेल केले, उत्तर नाही. मुदत तीन महिन्यांची, ती मात्र बरोबर मोजून राहिले.

इंग्रजी वाचता येते, कोर्टकचेरीची पत्रं मीच वाचतो जिनिंगमधली. पण जाडं पुस्तक घेतलं की तिसऱ्या पानावर डुलकी. ऑफिसचा जुना लॅपटॉप आहे, घरी वायफाय आहे. सीझन संपला, दिवाळीपर्यंत वेळच वेळ. तर सांगा: इंटरनेटवर असं कुठे आहे जिथं हा इतिहास फुकट वाचता येईल, आणि जे वाचलं ते खरं आहे हे मला कसं कळेल? मराठीत काही असेल तर तेही.

---

अभ्यासिका_बर्डी
12 मे, रात्री 11:20

दादा, त्या 1,499 वर पाणी सोडा. परीक्षेपुरता सांगाडा पाहिजे असेल तर ओपनस्टॅक्सचं 'यू.एस. हिस्टरी' उतरवून घ्या. अमेरिकेतल्या राइस युनिव्हर्सिटीचा उपक्रम आहे, पूर्ण पीडीएफ फुकट, अकाउंटही लागत नाही. 32 प्रकरणं. मी यूपीएससीच्या जागतिक इतिहासासाठी त्यातली आठच वाचली आणि भागलं. 12 वं प्रकरण तर तुमच्याच जिनिंगचं आहे, नावच 'कॉटन इज किंग'.

यूट्यूबवरच्या सरांच्या नादी लागू नका. मी दोन वर्षं लागलो होतो.

---

कार्डकॅटलॉग (धरमपेठ)
13 मे, सकाळी 6:15

रुईगाठ भाऊ, 31 वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली, निवृत्त होऊन आठ झाली. काउंटरवर मुलं यायची, "मॅडम, अमेरिकेवर काही आहे का?" मी म्हणायची, भिंतभर आहे, तुला काय पाहिजे ते सांग. मग गप्प. तुमचं बरं आहे, तुमच्याजवळ दोन नेमके प्रश्न आहेत. भिंत विसरा, त्या दोघांनाच धरून चला.

आधी तुमचं पान 84 आणि 87. त्यावर तिसरं गाइड शोधू नका, सरळ जाहीरनामाच वाचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या, म्हणजे नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर 'माइलस्टोन डॉक्युमेंट्स' म्हणून शंभरेक कागदांचा विभाग आहे. मूळ कागदाचा फोटो, खाली टाइप केलेला मजकूर, वर एक-दोन पानांची पार्श्वभूमी. लिंकनचा 1 जानेवारी 1863 चा जाहीरनामा तिथं आहे, तेरावी घटनादुरुस्तीही आहे. जाहीरनामा फार मोठा नाही, चहा निवायच्या आत होतो. कोणाला सोडलं आणि कोणाला नाही हे त्यात राज्यांच्या आणि परगण्यांच्या नावांनिशी लिहिलेलं आहे. मी सांगत नाही, तुम्हीच पाहा. हिशेबनिसाला यादी वाचायला सांगावी लागत नाही.

याच विभागात एलाय व्हिटनीचं 14 मार्च 1794 चं पेटंट आहे, कापसातून सरकी वेगळी करायच्या यंत्राचं. 'जिन' हा शब्द 'एंजिन'चं शेपूट आहे. तुमच्या फाटकावरच्या पाटीवर जे 'जिनिंग' लिहिलं आहे ते तिथून आलं.

आता न्यूयॉर्क. याचं उत्तर एका कागदात मिळणार नाही. थोडक्यात सांगते, बाकी तुम्ही भरा. कापूस पिकायचा दक्षिणेत, पण मळेवाल्यांना उधारी न्यूयॉर्कचे व्यापारी द्यायचे, विमा तिथला, बरीचशी जहाजंही तिथलीच. शहर इतकं गुंतलेलं की जानेवारी 1861 मध्ये दक्षिणेतली राज्यं फुटू लागली तेव्हा न्यूयॉर्कचा महापौर फर्नांडो वुड म्हणाला, आपणही वेगळं होऊन मुक्त शहर होऊ. उत्तर-दक्षिणेच्या यादवी युद्धानंतर 1866 मध्ये अटलांटिकखालची तार पक्की बसली आणि लिव्हरपूलचा भाव त्याच दिवशी न्यूयॉर्कला कळू लागला. 1870 मध्ये न्यूयॉर्क कॉटन एक्सचेंज उभं राहिलं. तुमच्या शेठचं 'पहिल्यापासून' म्हणजे साधारण तेव्हापासून.

हे सलग समजून घ्यायला एक चांगलं पाठ्यपुस्तक हवंच. अभ्यासिकेने सांगितलेलं ठीक आहे, पण मला 'द अमेरिकन यॉप' जास्त आवडतं. अनेक इतिहासकारांनी मिळून लिहिलं आहे, स्टॅनफर्डच्या छापखान्याने पुस्तकरूपातही काढलं, साइटवर फुकट आहे. 30 प्रकरणं, 11 वं कापसावर. त्याची सोबतची 'रीडर' अधिक मोलाची, प्रत्येक प्रकरणाला त्या काळातले मूळ उतारे जोडलेले.

डुलकीचं म्हणाल तर वाचू नका, ऐका. येल विद्यापीठाच्या 'ओपन येल कोर्सेस'वर डेव्हिड ब्लाइट यांचा यादवी युद्धावरचा अख्खा कोर्स आहे, 27 व्याख्यानं, 2008 मध्ये वर्गातच चित्रित केलेली. सुरुवातीच्याच व्याख्यानांत कापूस येतो. शब्दन् शब्द लिहिलेला मजकूरही मिळतो. मी पोळ्या लाटताना ऐकते आणि अडलं तर रात्री मजकुरात पाहते. स्वातंत्र्ययुद्धासाठी तिथंच जोअॅन फ्रीमन आहेत, 25 व्याख्यानं. त्या बोलतात फार भरभर, वेग थोडा कमी करून ऐका.

खरं कसं ओळखायचं? मी मुलांना एकच विचारायला लावायची: हे सांगणाऱ्याने ते कुठे पाहिलं? कागद दाखवतो का? दाखवत नसेल तर पुढे चला, मग त्याच्या नावापुढे किती का पदव्या असेनात. आणि कागद दाखवला तरी तो कोणी, कधी, कोणासमोर लिहिला हे पाहायचं. उदाहरण देते. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर 1936 ते 1938 मध्ये घेतलेल्या मुलाखती आहेत, गुलामगिरीत जन्मलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या, 2,300 हून जास्त. वाचून गळा दाटतो. पण मुलाखती घेणारे बहुतेक गोरे, काळ महामंदीचा, सांगणारे ऐंशीच्या घरातले किंवा पुढचे. सरकारी माणूस दारात आल्यावर म्हातारा काय बोलेल आणि काय गिळेल, हे आपल्याला सांगायला नको. तरीही वाचा. बोली उच्चाराप्रमाणे लिहिली आहे, डोळ्यांनी कळत नाही. मोठ्याने वाचा, कळेल. उद्या कोणी आपलं 'मले-तुले' इंग्रजी अक्षरात लिहून ठेवलं तर तेही असंच दिसेल.

त्याच लायब्ररीचा 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हा जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह आहे, दोन कोटींहून जास्त पानं, शब्द टाकून शोधता येतं. इथं एक गोम आहे, ती कोणी सांगत नाही. शोध यंत्राने वाचलेल्या अक्षरांवर चालतो, आणि त्या काळची स्पेलिंगं निराळी. 'अमरावती' टाकाल तर हाती काही लागणार नाही. वऱ्हाडच्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरावटी' म्हणत: दोन ओ, एम, आर, ए, डब्ल्यू, यू, दोन टी, दोन ई. व्यापारी त्याचंच 'ऊमराज' करत. हिंगणघाटचा कापूस वेगळ्या नावाने विकला जायचा, त्याचंही स्पेलिंग वेडंवाकडं. एकंदर हिंदुस्थानी कापसाला 'सुरत' म्हणायचे, मग तो सुरतेने पाहिलेला असो वा नसो.

जुन्या पुस्तकांसाठी हाथीट्रस्ट चांगलं, पण बरीच पुस्तकं अमेरिकेबाहेरून उघडत नाहीत. तीच इंटरनेट आर्काइव्हवर पाहा, बहुधा सापडतात. कायदे आणि तहांसाठी येलचा 'अॅव्हलॉन प्रोजेक्ट', दिसायला 1998 सालचा वाटतो, पण पानं झटकन उघडतात. मराठीत म्हणाल तर विश्वकोशाच्या साइटवर अमेरिकेची संयुक्त संस्थाने ही नोंद आहे, तिच्यातून मराठी परिभाषा उचला. सिव्हिल वॉरला यादवी युद्ध, रीकन्स्ट्रक्शनला, म्हणजे युद्धानंतर दक्षिणेची घडी बसवायच्या काळाला, पुनर्रचना, अशा. उत्तरपत्रिकेत ते शब्द लागतील.

सगळं आज उघडू नका. शंभर पेजच्या वहीत तारीख, साइट, कागदाचं नाव आणि त्यात काय मिळालं ते दोन ओळींत लिहीत जा. ज्यांनी बुकमार्क केले त्यांचं काय झालं ते मी 31 वर्षं पाहिलं आहे.

---

इंदोऱ्याचा_वाचक
13 मे, रात्री 9:40

मॅडमनी जवळपास सगळं सांगितलं. मी जिल्हा कोर्टात टायपिंग करतो, माझी वाट थोडी वेगळी आहे. अमेरिकेच्या इतिहासाला मी लिंकनपासून नाही, बाबासाहेबांपासून लागलो.

बाबासाहेब 1913 ते 1916 न्यूयॉर्कला कोलंबियात होते हे आपल्या वस्तीत पोरगंही सांगेल. पण तिथं राहून त्यांनी त्या देशाकडे काय पाहिलं, हे मला चार वर्षांपूर्वी कळलं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अॅमहर्स्टच्या ग्रंथालयाने काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेले अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांची सगळी कागदपत्रं स्कॅन करून ठेवली आहेत. त्यात शोधाच्या चौकोनात 'आंबेडकर' टाका. 1946 चं बाबासाहेबांचं पत्र निघेल. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांनी वाचलं होतं, त्याची प्रत मागवली आहे. इथल्या अस्पृश्यांची आणि तिथल्या निग्रोंची स्थिती इतकी सारखी आहे की तिचा अभ्यास केलाच पाहिजे, असं त्यांनी लिहिलं आहे. डु बॉइसचं 31 जुलै 1946 चं उत्तरही तिथंच. टाइप केलेली पत्रं आहेत. मी पोटापाण्याला टायपिंग करतो, म्हणून असेल, पण त्या अक्षरांकडे मी मजकुराआधी किती तरी वेळ पाहत बसलो.

त्यानंतर 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' पुन्हा काढलं. दीक्षाभूमीवर ऑक्टोबरात स्टॉलवर घेतलं होतं, कपाटात पडून होतं. 1947 चं. त्यात हक्कांच्या कलमांखाली बाबासाहेब अमेरिकेच्या 1866 आणि 1875 च्या नागरी हक्क कायद्यांचा आधार देतात. मग ते दोन कायदे शोधले. लायब्ररी ऑफ काँग्रेसवर 'अ सेंच्युरी ऑफ लॉमेकिंग' असा विभाग आहे, तिथं मूळ छापील पानं आहेत. 1875 चा कायदा तिथल्या सुप्रीम कोर्टाने 1883 मध्ये मोडीत काढला. म्हणजे जो कायदा तिकडे मेला, तो बाबासाहेबांनी इकडे आणून मांडला. रुईगाठ भाऊ, तुमच्या गाइडात पुनर्रचनेला किती पानं आहेत? माझ्याजवळच्यात दीड.

बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवर फुकट आहेत. आणि महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' 1873 मध्ये कोणाला अर्पण केली ते पाहा: गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून, तुमची ती तेरावी दुरुस्ती होऊन आठ वर्षं झालेली असताना.

---

ह्यूस्टन_व्हाया_खामला
14 मे, सकाळी 8:05

इथून एक भर. आमच्याकडे 19 जूनला सुट्टी असते, जूनटीन्थ. ह्यूस्टनहून तासाभरावर गॅल्व्हेस्टन आहे, तिथं 19 जून 1865 ला जनरल ऑर्डर नंबर 3 काढून टेक्सासमधल्या गुलामांना सांगण्यात आलं की तुम्ही मोकळे आहात. जाहीरनाम्याला तेव्हा अडीच वर्षं होत आली होती. तोही कागद नॅशनल आर्काइव्ह्जवर आहे. तुमच्या पान 84 च्या समासात चिकटवा.

आणि आपली माणसं शोधायची असतील तर 'साउथ एशियन अमेरिकन डिजिटल आर्काइव्ह' पाहा. हिंदी क्रांतिकारकांचं 'गदर' हे वर्तमानपत्र 1913 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघू लागलं. आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्याच चळवळीतले, ओरेगनकडे शेतकीही शिकले आणि पुढे मेक्सिकोत मक्यावर काम केलं. मी तिथल्या कागदांत तासन्‌तास हरवतो, बायको ओरडते.

तर्री पोह्याचा फोटो टाकू नका कोणी प्लीज.

---

रुईगाठ
6 जून, दुपारी 3:30

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, नवतपात लॅपटॉपचा पंखा बसला होता. दुरुस्तीवाल्याने उघडला तर आत रुईच्या तंतूंची गादी. आमच्याकडची वस्तू, दुसरं काय निघणार.

मॅडम, जाहीरनामा वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हा नावांवरून नजर सरकली. दुसऱ्यांदा वही घेऊन बसलो आणि खतावणीसारखे दोन रकाने पाडले, 'लागू' आणि 'वगळले'. जी राज्यं बंड करून आहेत त्यांनाच लागू. त्यातही लुइझियानाचे 13 परगणे वगळले, त्यांना तिकडे पॅरिश म्हणतात, न्यू ऑर्लीन्स शहरासकट. व्हर्जिनियातले 48 पश्चिमेचे आणि वर नॉरफोककडचे थोडे. टेनेसीचं तर नावच नाही. आणि केंटकी, डेलावेअर, मेरीलँड, मिसूरी ही गुलाम असलेली पण बंडात नसलेली राज्यं, त्यांना हात लावलेला नाही. म्हणजे जिथं लिंकनचं सैन्य आधीच बसलं होतं तिथले बरेच राहिले, आणि जिथं त्याची सत्ता चालत नव्हती तिथले कागदावर सुटले. केंटकी आणि डेलावेअरमधले डिसेंबर 1865 पर्यंत थांबले. पान 84 आणि 87 ची बाकी जुळली. गाइडवाल्याने मधला रकाना लिहिलाच नव्हता.

हे पाहून आधी वाटलं, म्हणजे लिंकनचं सगळं दाखवायचंच होतं. मग ब्लाइट सरांचं ऐकलं. सैन्य जसजसं पुढे सरके तसतसा कागद खरा होत जाई, आणि माणसं सैन्याची वाट न पाहता मळे सोडून निघत होती. शिवाय त्या जाहीरनाम्यातच काळ्या माणसांना सैन्यात घ्यायची तरतूद आहे, ती शेवटाकडे आहे म्हणून मी पहिल्यांदा सोडली होती. आता मत बनवायची घाई करत नाही.

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर भटकताना एक नकाशा सापडला, सप्टेंबर 1861 चा. 1860 च्या जनगणनेवरून दक्षिणेतल्या प्रत्येक काउंटीत शेकडा किती माणसं गुलाम, ते रंगाच्या गडदपणाने दाखवलं आहे आणि वर आकडा छापला आहे. जखमी आणि आजारी सैनिकांच्या मदतीसाठी विकायचे तो. लिंकनही हा नकाशा घेऊन बसत असे म्हणतात, त्याच्या एका प्रसिद्ध चित्रात कोपऱ्यात आहे. मी मोठा करत करत मिसिसिपी नदीकाठी गेलो. नदीच्या दोन्ही काठांनी काळा पट्टा. त्यात इसाक्वेना नावाची काउंटी, तिच्यावर आकडा 92.5. शंभरातली साडेब्याण्णव माणसं. मी कापसाच्या ओलाव्याचे, उताऱ्याचे टक्के रोज लिहितो, टक्का म्हटलं की मला काही वाटत नाही. या आकड्यावर मात्र लॅपटॉप मिटून बाल्कनीत जाऊन बसलो.

अजून एक हिशेब. 'स्लेव्ह व्हॉयेजेस' म्हणून साइट आहे, अटलांटिकवरच्या 36,000 हून जास्त गुलामवाहू सफरींची नोंद. एकंदर सव्वा कोटी माणसं आफ्रिकेतून जहाजात चढवली असा अंदाज आहे. पण त्यातली आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट उतरली ती चार लाखांच्या आतच. बाकी ब्राझील, वेस्ट इंडीज. आणि 1860 च्या जनगणनेत तिथले गुलाम साडेएकोणचाळीस लाख. आवक चार लाख, शिल्लक एकोणचाळीस. मी दोनदा तपासलं. मग कळलं, जन्मलेलं प्रत्येक पोर मालकाच्या खात्यावर जमा होत गेलं. कापसाचं यंत्र आलं, नवी जमीन पश्चिमेला निघाली, तसा त्या माणसांचा भाव वाढत गेला.

'ऊमरावटी' टाकून पाहिलं, मॅडम. लिव्हरपूलच्या भावाच्या ओळी निघाल्या! बारीक अक्षरं, निम्मी पुसलेली. आपली अमरावती तिकडच्या पेपरात दीडशे वर्षांपूर्वी. लेकीला दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, म्हणजे तेव्हाही भाव तिकडेच निघे?" हाव, म्हटलं. तिकडे लढाई सुरू होती तोवर इकडे कापसाला सोन्याचा भाव होता. एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला आणि मुंबईचे भलेभले सटोडिये बसले. नागपूरला रेल्वे आली 1867 मध्ये, म्हणजे तेजी गेल्यावर. आमच्या आजोबांनी जिथं जन्म घालवला ती एम्प्रेस मिल 1877 ची. हे सगळं मला तुकड्यातुकड्यांत माहीत होतं, एका ओळीत कधी लावलं नव्हतं.

इंदोऱ्याचे भाऊ, ते पत्र वाचलं. दीड पानाचं विचारलं होतं, माझ्या गाइडात पुनर्रचनेला एकच पान आहे, त्यात अर्धी जागा प्रश्नसंचाला.

शेवटचं, मग थांबतो. सध्या जिनिंगमध्ये रोलर उतरवून दुरुस्ती सुरू आहे. फोरमन चामड्याच्या चकत्या बदलून राहिला होता, त्याला व्हिटनीच्या पेटंटचं चित्र मोबाइलवर दाखवलं. लाकडी नळकांडं, त्यावर तारेचे दात, मागे ब्रश. फोरमनने हात पुसले, चित्र मोठं करून पाहिलं. म्हणाला, "हे तं सॉ-जिनचं पोट्टं हाय. आपली डी.आर. अशी नाई." मी सांगितलं, रोलरवाली जिन अलाबामाच्या मॅकार्थीची, 1840 ची, आपली डबल रोलर तिच्याच वंशातली. त्याला त्यात काही रस नव्हता. त्याने विचारलं, "ह्या हातानं फिरवाच्या मशीनवर दिवसाले माल किती निघे? अन् माणसं किती लागे?"

मला सांगता आलं नाही. पेटंटच्या पानावर मला तरी दिसलं नाही. मॅडम, हे कुठे मिळेल?

---

कार्डकॅटलॉग
6 जून, सायंकाळी 7:10

तुमच्या फोरमनला माझा नमस्कार सांगा. हाच प्रश्न 16 नोव्हेंबर 1793 ला थॉमस जेफरसनने व्हिटनीला पत्रातून विचारला आहे. तेव्हा पेटंटचं काम परराष्ट्रमंत्र्याकडे असायचं आणि जेफरसन परराष्ट्रमंत्री होता. यंत्र खरंच चालवून पाहिलं आहे का की नुसती कल्पना आहे, सरासरी दिवसाला किती कापूस साफ होतो, हाताने फिरवायला किती माणसं, आणि एक घ्यायचं तर किंमत काय. त्याच्या स्वतःच्या घरी कापसाचं सूत-कापड व्हायचं, सरकी काढायचा त्रास त्याला माहीत होता.

'फाउंडर्स ऑनलाइन' नावाची साइट आहे, नॅशनल आर्काइव्ह्जचीच. जेफरसन, वॉशिंग्टन, अॅडम्स, फ्रँकलिन, हॅमिल्टन, मॅडिसन सगळ्यांची पत्रं तिथं छापील अक्षरात मिळतात. वर 'व्हिटनी' टाका, तारीख 1793 ठेवा. व्हिटनीचं उत्तर 24 नोव्हेंबरचं आहे, जेफरसनच्या पत्राच्या लगेच खाली लागेल.

आकडा वाचून फोरमन काय म्हणतो ते इथं लिहा. त्या उत्तरात बढाई किती आणि खरं किती, हे आमच्यापेक्षा त्यालाच कळेल.